बब्रुवान, वय सत्तावीस

घड्याळात नाव अजून बब्रुवानचंच आहे.
पुरुष, वय सत्तावीस, वजन एकाहत्तर किलो.
शिवकांताच्या भावानं नवं घेतलं
तेव्हा हे जुनं जबलपूरहून पोस्टानं आलं,
काचेवर ओरखडा, आत त्याची उंचीसुद्धा.
बदलायचं कसं ते कुणालाच येईना,
मग आम्ही चौघी बब्रुवान झालो.

अंबाजोगाईत, पहाटे पाचला, कॉलेजच्या मैदानावर
आठशे मीटर म्हणजे दोन फेऱ्या.
एक पळून आली की मनगट पुढं करायची,
दुसरी पट्टा सोडून स्वतःला बांधायची
ओला तसाच.
छिद्रंसुद्धा ठरलेली:
शिवकांताचं तिसरं, माझं चौथं, तबस्सुमचं शेवटचं,
आणि प्रणिताचं मनगट त्याहून बारीक,
म्हणून दाभण तापवून पाडलेलं एक जास्तीचं.

घड्याळ बिचारं गांगरून जायचं.
ह्या बब्रुवानाचे ठोके एकशे नव्वद,
क्षणात पंच्याऐंशी, परत एकशे नव्वद.
सहा वाजता ते कळवळून सांगायचं,
बहात्तर तास विश्रांती घ्या.
आम्ही गवतात लोळून हसायचो.
तबस्सुम म्हणायची, घरी दाखवते हे,
तीन दिवस भांडी बंद.

रोज्याच्या महिन्यात तिचे ठोके चढेच असायचे.
शिवकांताचे दुसऱ्या वळणावर,
जिथं पोरं गाड्या लावून बसतात,
दरवेळी सात-आठनं वाढायचे. वेग तोच.
तोवर मला वाटायचं
तसं फक्त माझंच होतं.

नकाशात आमचं मैदान म्हणजे गुंतलेली लोकर.
रेघांवर रेघा, काही गोलपोस्टच्या जाळीतून,
एक तर सरळ वॉचमनच्या खोलीतून गेलेली.
त्यात माझी कोणती, तिची कोणती,
ते उपग्रहालाही सांगता यायचं नाही.

एकच रेघ सुटी आहे.
बुधवारी प्रणिता घड्याळ घालूनच घरी गेली,
थांबवायचं बटण दाबायचं विसरून.
मोंढ्यावरून, पाण्याच्या टाकीपासून डावीकडं,
गल्लीत जाऊन थांबलेली.
तिथून पुढं अंतर नाही, नुसते ठोके.
नऊला ऐंशी.
दहाला एकशे दहा.
अकरा चाळीसला वेग शून्य, ठोके एकशे सत्तेचाळीस.
एवढ्या ठोक्यांत ती पहिले दोनशे मीटर कापते.
दीडपर्यंत तसंच.
मग घड्याळ काढलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी तिचा धाकटा भाऊ देऊन गेला,
दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं, बॅटरी चार टक्के.
ताई आता येणार न्हाई, म्हणाला,
आणि कोपऱ्यापर्यंत चालत जाऊन
तिथून पळत सुटला.

दिवाळीत बब्रुवान सुटीवर आला.
फोन जोडून ओट्यावर बघत बसला.
आयला, कोण कोण पळायलंय माझ्यात, म्हणून हसला.
मग त्याचा अंगठा थांबला.
ही कुठली रात? इथं काय झालतं?
आम्ही तिघींनी चपलांकडं बघितलं.
शिवकांता म्हणाली, काई न्हाई रे,
पट्टा सैल बसला असल.

नाव बदलून देतो, म्हणाला तो,
दोन मिनिटाचं काम,
फक्त जुनं सगळं पुसावं लागंल.
तबस्सुमनं घड्याळ त्याच्या हातातून काढून घेतलं.
राहू द्या की दादा,
तुमच्या नावावर बरं पळतंय.

भरतीचं ग्राउंड एकवीस तारखेला.
शिवकांता दोन बावन्नवर आलीय, मी दोन अठ्ठावन्न,
तबस्सुम आकडा सांगत नाही.
अंधारात पट्टा बांधताना
बोट त्या जास्तीच्या छिद्रापर्यंत जातं,
त्याची कड जळून टणक झालीय.
तिथून मागं येत
मी चौथ्यात अडकवते
आणि बटण दाबते.