घरघर

डुलुथ, उणे सत्तावीस.
मांजर आज जाळीवर झोपलं नाही,
आयलीच्या लक्षात आलं ते इतकंच.

मग दिवा न लावता ती ऐकत बसली.
तळघरातली भट्टी पेटते,
चार मिनिटं घरघरते, विझते,
पुन्हा पेटते,
जिना चढताना मध्येच थांबणाऱ्या माणसासारखी.

खाली जाऊन तिनं झाकण काढलं.
ज्योत निळी हवी, वाइनो सांगायचा,
पिवळी दिसली की समजून जा.
पिवळी होती. टोकाशी तर केशरीच.

वाइनोला पत्र्याच्या पोटातलं सगळं कळायचं:
पट्टा सैल, फिल्टर तुंबलेला, बेअरिंग कोरडं.
स्वतःच्या छातीतल्या शिट्टीला मात्र
"थंडी आहे गं" म्हणायचा,
आणि ती टीव्हीचा आवाज वाढवायची.

तिनं लाल खटका पाडला,
असल्या थंडीत खिडकी सताड उघडली,
मांजर कोटात घेतलं
आणि रात्री सव्वादोनला नंबर फिरवला.

"सकाळपर्यंत थांबता येईल का?"
पलीकडचा पोरगा झोपेतच बोलत होता.

"नाही," आयली म्हणाली.
"एकदा थांबले होते."