डाव्या बाजूचं तिसरं दार

कंटेनर उघडला तेव्हा शिरोलीत दुपारचे अडीच.
बिलावर लिहिलेलं : जाड भंगार, सव्वीस टन.
बाळगोंडा म्हणाला, मॅडम, बघा तरी, ह्यो पत्रा कुठला.

पत्रा दाराचा होता. माझ्याहून उंच,
वर खिडकीचं भोक, कडेला रबराची झालर,
गॅसकटरनं तिरपा छाटलेला, उसाचा शेंडा छाटावा तसा.
आतून एक पंजा चिकटवलेला, फटीत चिमटलेली बोटं,
खाली जपानी अक्षरं. मोबाईलनं वाचून दाखवली :
बोटं सांभाळा.
दादू मुजावर हसला. त्याची दोन बोटं
मोल्डिंग मशीननं कधीच ठेवून घेतलीत.
‘आमच्यात आधी लावाय पायजे हुतं हे.’

माझं काम नमुना घेणं.
कोपऱ्यावर एमरी घासली, रुपयाएवढी,
तर वरचा निळा गेला आणि पिवळा आला.
पिवळ्याखाली नारिंगी,
नारिंगीखाली हिरवा, तोही दोनदा मारलेला,
मग तांबडा प्रायमर. मग पोलाद.

एका मार्गाला एक रंग, हे रात्री शोधून काढलं.
नवी गाडी आली की जुनीला रंगवायचं
आणि कमी गर्दीच्या मार्गावर धाडायचं.
म्हणजे बदलीच की.
बाबा तलाठी. त्यांच्या सर्व्हिस बुकात
करवीर, पन्हाळा, शाहूवाडी,
आणि शेवटी गगनबावडा, जिथं पावसात शिक्कासुद्धा वाळायचा नाही.

एका बाजूला चार दारं.
बाक भिंतीला पाठ लावून, मधली जमीन उभ्या माणसांची.
ज्यानं ही गाडी कागदावर काढली
त्यानं बसणाऱ्यांचा हिशेब केलाच नसावा,
उतरणाऱ्यांचा केला.
छताच्या तुकड्यावर पंख्यांची भोकं बुजवलेली,
शेजारी एसीचे बोल्ट, नंतर सुचलेले.
उंबऱ्याची पट्टी मधोमध खोलगट.
व्हर्नियर लावला : दीड मिलिमीटर.
कुणी ठोकलं नव्हतं, ओरबाडलं नव्हतं,
फक्त उतरले होते. चाळीसेक वर्षं.

स्पेक्ट्रोनं पोलादाला पास केलं,
रंगाला नाही.
जुन्या रंगात शिसं असतं, आणि शिसं चिमूटभर जरी भट्टीत गेलं
तर ग्राफाइट वेडंवाकडं उगवतं,
पंपाची बॉडी दाबाला फुटते
आणि रिजेक्शनच्या मीटिंगला मला बोलावतात.
मी शेरा लिहिला : रंग काढून घ्या.

शॉटब्लास्ट, अकरा मिनिटं.
दार आत गेलं निळं, बाहेर आलं राखाडी,
कुठल्याच मार्गाचं नाही असं.
हिरवा, नारिंगी, पिवळा, निळा
डस्ट कलेक्टरच्या पिशवीत एकत्र,
हात लावला तर पीठ, बघितलं तर मातकट.
पिशवीवर लेबल लावलं : घातक कचरा. तारीख. सही.
आणखी काय लिहिणार होते?

तिसऱ्या पाळीत दादूनं ते भट्टीत सोडलं.
आधी उभं राहिलं थोडं,
मग खांद्यापासून खचलं.
तो म्हणाला, चांगलं पोलाद हाय, धूर न्हाई.

वितळायच्या कामाच्या नव्हत्या त्या दोन कड्या,
हाताला धरायच्या, प्लॅस्टिकच्या, पट्ट्यासकट.
बाळगोंडानं कंपनीच्या बसमध्ये तारेनं बांधल्या.
एकीचा पट्टा आखूड, एकीचा लांब,
आणि लांब तो बुटक्यांसाठी, हे तिथं कुणीतरी
आधीच धरून चाललं होतं.
मी चार फूट दहा. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा
सीटची पाठ सोडून उभी राहते.

पंचगंगेचा पूल जातो, तावडे हॉटेलच्या वळणावर
महादबा कचकन ब्रेक मारतो.
कडी एका अंगानं झिजून चपटी झालीय,
दुसऱ्या कुणाच्या तरी मुठीच्या मापानं.
माझ्या बोटांना ती उलटी येते.
मग मी ती फिरवून घेते.