बोरोविकची जागा

बाबांनी झेनोनकाकांना चाळीस वर्षांत
सगळं सांगितलं:
लाकडाच्या गिरणीत करंगळी कशी गेली,
आजोबांची उधारी किती राहिली,
आईला लिहिलेलं पहिलं पत्र तर वाचूनच दाखवलं,
काकांनी त्यातलं शुद्धलेखन सुधारलं.
फक्त अळंब्यांची जागा सांगितली नाही.

हाय्नुफ्कात हे असंच.
माणूस जावयाच्या नावावर घर करून देईल,
पण बोरोविक कुठे उगवतात विचारलंत
की खिडकीबाहेर बघत म्हणेल,
यंदा पाऊस कमी.

गुरुवारी आमच्याकडे बुद्धिबळ.
काकांना एका खेळीला वीस मिनिटं लागतात,
तोवर आईच्या काकड्या बरणीत उभ्या राहतात,
शेपूच्या दांड्यांसकट.
बाबा सहज विचारल्यासारखं विचारतात,
"काल कुठे गेला होतास?"
"इथेच. रुळांच्या पलीकडे."
"मिळाली?"
"किडकी."
आणि काकांच्या बाल्कनीत
दोऱ्यात ओवलेल्या फोडी तोरणासारख्या वाळत असतात,
वास आमच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत.
आई म्हणते, ताकास तूर लागू देतील तर शपथ,
आणि ताक एकाच भांड्यातलं.

यंदा सप्टेंबरात बाबांचा उजवा गुडघा संपावर गेला.
जिना उतरताना प्रत्येक पायरीशी वाटाघाटी.
एका शुक्रवारी रात्री त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं,
दार लावलं, नळ सोडला
(भिंतींना खरोखर कान होते तेव्हाची सवय)
आणि मलमाच्या खोक्याच्या मागे नकाशा काढला.
वीज पडलेला ओक.
तिथून ओढा डाव्या हाताला ठेवायचा.
मग तीन बर्च, तिसरा वाकडा, "तुझ्या आत्यासारखा."
"उपटायचं नाही. सुरीने कापायचं. वर पाला सारायचा,
आपण आलोच नव्हतो असा."
मी एक्केचाळीस वर्षांची,
दंतवैद्याकडे हिशेब लिहिते, दोन मुलं आहेत,
पण त्या रात्री पहिल्यांदा वाटलं,
मी कुणाची तरी वारस आहे.

पहाटे साडेपाच. धुकं पोटरीपर्यंत.
ओक. ओढा. तिसरा बर्च, खरंच आत्यासारखा,
आणि त्याच्या बुंध्याशी ओणवे
झेनोनकाका,
बस चालवायचे तेव्हाची टोपी घालून.
त्यांनी माझ्या टोपलीकडे पाहिलं.
मग हातातल्या खोक्याकडे,
त्यावरच्या गुडघ्याच्या चित्राकडे.
बराच वेळ. एका खेळीइतका.
मग शेवाळावर फतकल मारून बसले.
"कधीपासून येतो तो?"
"माहीत नाही. आणि तुम्ही?"
"मी बुधवारचा. तो शनिवारी येत असणार.
मी आपला म्हणतोय, हे रानडुक्कर
इतकं नीट कापतं तरी कसं!"
थोडं थांबून, सुरी पँटला पुसत:
"यंदा कुणी कापलेलं दिसेना.
म्हणून म्हटलं, आज येऊन बघावं."

आम्ही वाटणी केली.
माझ्या तळहाताएवढं एक होतं, ते त्यांनी
मुकाट्याने माझ्या टोपलीत ठेवलं.
पाला दोघांनी मिळून सारला.
ओठावर बोट.
अळीमिळी गुपचिळी.

गुरुवारी पुन्हा पट मांडला.
"शनिवारी दिसला नाहीस," बाबा म्हणाले.
"रुळांच्या पलीकडे गेलो होतो."
"मिळाली?"
"किडकी."
बाबांनी माझ्याकडे बघून डोळा मारला
आणि इतक्या सुखाने घोडा पुढे सरकवला
की तो फुकट गेला तरी त्यांना कळलं नाही.
काकांना दिसला होता.
त्यांनी तो वीस मिनिटं मारला नाही.

आई सूप ढवळत माझ्या कानाशी पुटपुटली,
"दोघांच्याही बुटांना तीस वर्षं
तीच तांबडी माती. घासते कोण?"
आणि साय आणखी एक चमचा घातली.