मोठा अर्धा

डुलुथमधला फेब्रुवारी. खिडकीत सरोवर गोठलेलं.
बालवर्गासमोर मी टोस्ट कापते, बरोब्बर मधोमध.
"दोन सारखे भाग. एकेक भाग म्हणजे अर्धा."

"मला मोठा अर्धा," सोरेन म्हणतो.
मोठा अर्धा नसतो रे.
"असतो. चार दिवस आईचे,
तीन बाबाचे."

मला निमकी अजून पाठ आहे,
सात निम्मे साडेतीन,
हिच्या हिशेबानं गुरुवार
भर दुपारी कापावा लागेल,
आणि माझ्या हातात
लोण्याची बोथट सुरी.

दोन्ही तुकडे त्याच्यापुढे सरकवते.
तो वाकून, एक डोळा मिटून मापतो.
मग मोठ्याची कड कुरतडतो.
आता दुसरा मोठा.
त्याचीही.
दूध येईपर्यंत
ताटलीत दोन चुरे उरतात,
अगदी सारखे.