मार्गाचं नाव

पहाटे साडेचारचं मॅरिएटा, ओहायो.
रस्त्यावर आम्ही दोघं, मागे पोलिसांची एक गाडी.
ऑर्व्हिल टिडवेल, वय एकाहत्तर, सायकलीवर;
पुढच्या चाकाला आकडे मोजणारं यंत्र.
माझ्या हातात वही आणि विजेरी.

वळणावर तो आतल्या कडेला चिकटतो,
फुटपाथपासून दीड वीत सोडून,
सगळ्यात लबाड पळणारा पळेल तसा.
शिवाय किलोमीटरमागे मीटरभर जास्तीचा.
"कमी भरता कामा नये," म्हणतो.
आमच्याकडे दूधवाला माप भरल्यावर
वर एक धार सोडायचा, तसंच.

अर्जात तिसरा रकाना: मार्गाचं नाव.
तिथं समितीची गाडी रुतते.
आधी बँकेचं नाव होतं. बँक बुडाली.
मग एका दंतवैद्याचं, त्यानं पैसे थांबवले.
'रिव्हरसाइड' म्हणावं, तर
नदी असलेल्या प्रत्येक गावानं तेच म्हटलंय.
कुणी सुचवलं, वायट बर्डेटचं देऊ,
आपल्याच शाळेतला, आपलाच पळणारा पोरगा.
त्याची आई शेवटच्या खुर्चीत होती.
"नको," म्हणाली. "दर वर्षी कुणीतरी म्हणेल,
वायट फार लांबला. वायटनं दम काढला."
मग बराच वेळ कुणी कॉफीसुद्धा ढवळली नाही.

ऑर्व्हिलला नावांचं सोयरसुतक नाही.
"काहीही लिहा. खरा तो नंबर:
राज्याची दोन अक्षरं, साल, अनुक्रम.
नाव बदललं, तरी मार्ग तोच.
पण पटनम स्ट्रीटला उद्या गोल चौक आला,
वळण हातभर सरकलं,
तर गाव जुन्याच नावानं हाक मारो,
मार्ग नवा. पुन्हा मोजायचा. नवा नंबर."

मी विजेरी धरते, तो डांबरात खिळा ठोकतो.
लिहिते: खिळा चौथा, हायड्रंटच्या उत्तरेला
चार मीटर वीस.
आणि आठवतं ते ताट,
तांदळात अंगठीनं कोरलेलं 'अनुपमा'.
तोवर मी हेमलता होते.
टाळ्या झाल्या, पेढे झाले,
दुसऱ्या दिवशी त्याच तांदळाचा भात.
इथल्या ऑफिसात मी ॲना.
ऑर्व्हिलच्या हिशेबानं हे सगळं एकच;
वळण कुठं सरकलं ते विचार, म्हणेल.
सरकलं होतं. नावं बदलली तेव्हा नाही,
मधेच कधीतरी, एका साध्या मंगळवारी,
आणि तेव्हा कुणी पुन्हा मोजलं नाही.

"काय लिहिलंस तिसऱ्यात?" तो विचारतो.
"दोन पूल आणि बेकरी."
"बेकरी बंद होईल."
मी बेकरी खोडते.
आत दिवा लागलाय, पावाचा वास सुटलाय.
पहिला ट्रक आमच्या खिळ्यावरून जातो.