खेळाडूने तिथे पोचू नये

पर्वरीच्या ऑफिसात, तिसऱ्या मजल्यावर,
मला एक ग्रह करायला दिला आहे.
केथ त्याचं नाव. ओर्मेल लोकांचा मूळ ग्रह,
गेम सुरू होण्याच्या चारशे वर्षं आधीच गेलेला.
कागदावर दोनच ओळी:
लांबून दिसावा. खेळाडूने तिथे पोचू नये.

ओर्मेलांना चार हात, कपाळावर कल्ले.
गेमभर ते भाड्याच्या जहाजांतून राहतात
आणि अनोळखी कुणी भेटलं की आधी विचारतात,
'तुमची विहीर कुठली?'
हे वाक्य लिहिणारा कुठल्या देशात बसतो, ठाऊक नाही.
त्याचीही विहीर गेली असावी.

तर दोन महिने मी माती करते आहे.
भेगाळलेली, खवल्याखवल्यांची,
वर शेवाळ वाळून पापुद्रा झालेलं.
ग्लॅडसन खुर्चीमागे येऊन उभा राहतो,
कुठून मिळाली गं ही?
नेटवर, मी सांगते.

साळावलीचं पाणी मे महिन्यात उतरतं
तेव्हा आम्ही टेम्पो करून कुर्डीला जातो.
माडांचे बुंधे, गुडघ्याएवढे.
तुळशीवृंदावनाचा एक कोपरा.
शिंपल्या, जिथे शिंपल्या असायचं काही कारण नाही.
बाबा पुढे चालतात, आणि मध्येच वळतात,
मोकळ्या चिखलात, उगाच.
मग माझ्या ध्यानात येतं,
ते भिंतीला वळसा घालतायत.
'हांगा रांदण आसली,' म्हणतात. 'पांय सांबाळ.'
मी मागून फोटो काढत राहते.
माझा जन्म वसाहतीतला, प्लॉट नंबर एकशे बारा.
माझं गाव म्हणजे
बाबांचे वळसे.

वरून शेरे आले:
माती छान. बुंधे काढा, पृथ्वीसारखे वाटतात.
शिंपल्या राहू देत.
काढले. एकेक निवडून, डिलीट.
शेवटच्यापाशी हात जरा रेंगाळला. मग तोही.
पण मातीच्या थराखाली,
जिथे कॅमेरा उतरत नाही,
उजेडाचा हिशेब होत नाही,
तिथे मी तीन दगड ठेवलेत.
काळे. आतल्या अंगाने धुरकटलेले.
फाईलला नाव नाही, नुसते आकडे.
अजून कुणी विचारलेलं नाही.

चवथीला घरी लॅपटॉप नेला.
बाबा कदंबवर सत्तावीस वर्षं ड्रायव्हर,
सांगे–मडगाव, कधी वास्को.
कंट्रोलर हातात घेतला, उलटसुलट पाहिला,
विचारलं, हॉर्न खंयचो?
आणि जहाज हाललं.
बाजार, लढाया, सोन्याचे उल्कापिंड, सगळं डाव्या हाताला टाकून
ते सरळ केथकडे निघाले.
मी काहीच सांगितलं नव्हतं.
ग्रह मोठा होत गेला, माझी माती दिसू लागली,
आणि मग मोठा होईना.
इंजिनाचा आवाज तेवढा चालू, तारे जागच्या जागी.
पडद्यावर अक्षरं: पुढे जाता येत नाही.

मी समजवायला लागले, की बाबा,
तिथे एक भिंत असते, दिसत नाही ती,
आम्हीच घालतो—

ऐकलंच नाही त्यांनी.
बराच वेळ मातीकडे पाहत राहिले.
'उदक भरलें आसतलें,' म्हणाले.
'मे म्हयन्यांत येवया.'
आणि रिव्हर्स घेताना, सवयीने,
मान वळवून
नसलेल्या आरशात पाहिलं.