सोडा

तापकीर गल्लीत स्कूटर लावायला जागा नव्हती,
जोगेश्वरीपाशी लावून चालत आले.
पर्समध्ये बोनसचं पाकीट,
त्यावर माझ्याच अक्षरात: कॅमेरा.
त्याच्या वर, खोडलेलं: गीझर.

ओस्तवालांनी काउंटरवर लाल मखमल पसरली,
मोत्यांचे सर दाखवायचे असल्यासारखी,
आणि दोन्ही ठेवले शेजारी शेजारी.
एक काळा, थोराड, गळ्यात पट्टा.
दुसरा चंदेरी, साबणाच्या वडीएवढा.

"मॅडम, एकदाच घ्यायचा तर हा डीएसएलआर घ्या.
सुरुवातीला अठरा-पंचावन्नची लेन्स पुरते.
मग पक्ष्यांसाठी लांबची घ्याल, चेहऱ्यांसाठी वेगळी,
मग फ्लॅश, स्टँड, बॅग..."
म्हणजे सून एकटी येत नाही,
मागून अख्खं माहेर येतं.

हातात घेतला. वजन ओळखीचं वाटलं.
एकोणीस वर्षं रास्ता पेठेतल्या दवाखान्यात
शिशाचा एप्रन वागवतेय.
फोटोच काढते मी. दिवसाला चाळीस.
बरगड्या, मनगटं, अक्कलदाढा,
एकदा एका पोरानं गिळलेलं रुपयाचं नाणं,
छापा की काटा तेही दिसत होतं.
श्वास घ्या. रोखा.
मी भिंतीमागे. बटण.
सोडा.

एक डोळा मिटून दुसरा भिंगाला लावला.
समोरच्या फुटपाथवरचा मिक्सर दुरुस्त करणारा
इतका जवळ आला की ओठांत धरलेला स्क्रू दिसला
आणि त्याच्यामागची गल्ली लोण्यासारखी विरघळली.
खरं सांगते, मोह झाला.
खट्. आवाज तरी कसा, चांगल्या कुलपाचा.
पण खट् होण्याआधी त्यानं मला पाहिलं होतं,
स्क्रू काढून खिशात टाकला होता,
कॉलर सरळ केली होती,
श्वास रोखला होता.
मला कळतं ते. लांबूनही.

मग साबणाची वडी.
हात लांब, दोन्ही डोळे उघडे,
माझा चेहरा त्याला दिसतोय, त्याचा मला.
दाबलं. काहीच नाही.
"जरा वेळ घेतो," ओस्तवाल ओशाळले,
"स्वस्तातला आहे ना. आधी विचार करतो, मग काढतो."
तेवढ्यात त्या माणसाला वाटलं, झाला फोटो.
खांदे उतरले. कॉलर गेली कुठच्या कुठे.
जिभेनं दाढ चाचपत तो पुन्हा
मिक्सरच्या पोटात वाकला,
आणि तेव्हा कुठे तो निघाला.

काचेपलीकडून हा चेहरा मी रोज बघते.
हडपसरचा ट्रकवाला असो, संस्कृतच्या बाई असोत,
"सोडा" म्हटलं की छाती खाली येते
आणि माणूस आपल्या अंगात परततो,
बटणं लावतो, विचारतो, काही निघालं नाही ना हो?
त्याची फिल्म कुठल्याच पाकिटात नसते.
आमच्याकडे फक्त रोखलेले.

आणि घरी भाऊ आहेत, माझे वडील.
खडकीच्या कारखान्यात ओळखपत्राच्या फोटोला
एकदा ताठ बसले
ते अजून उठलेले नाहीत.
लग्नाच्या अल्बमात बघा, बारशाच्या बघा,
तेच बसलेले आहेत, नंबर तेवढा गळ्यात नाही.

"वडी द्या," म्हटलं.
ओस्तवालांनी मखमलीची घडी
गरजेपेक्षा सावकाश घातली.

तोटा झाला, नाही असं नाही.
दिवाळीचे आकाशकंदील सगळे हलले,
रात्रीचं सगळं रवाळ,
भाचीच्या नाचात नुसता एक पाय.
ती म्हणाली, "आत्या, मोठा घ्यायला हवा होतास."
हवा होता.
पगाराच्या दिवशी त्या काचेसमोरून
मी अजून हळू जाते.

रविवारी भाऊंना खिडकीपाशी बसवलं.
ते लगेच कारखान्यात गेले.
मी हात लांब केला, बटण दाबलं.
"झाला?"
"झाला," मी खोटंच म्हटलं.